हॅलोविनला नाही म्हणा, पण खोट्या साक्षीच्या बळावर नको

संडे स्कूल सुटल्यावर आठ वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ घोटाळत राहिली. बाकीची मुले गेल्यावर तिने विचारले, "मी हॅलोविनच्या दिवशी मैत्रिणीकडे चॉकलेट खाल्लं. आता सैतान माझ्यात आला का?" घरात कोणीतरी मोबाइलवर आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला होता. तेव्हापासून ती रात्री दिवा बंद करू देत नव्हती.

तो मजकूर मी मागवून घेतला. हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ : भोपळे कोरून दिवे लावतात, मुले सोंगे घेऊन दारोदारी खाऊ मागतात. ऑक्टोबर उजाडला की दरवर्षी हा मजकूर ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांमध्ये फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे : हॅलोविन हा साम्हेन नावाच्या मृत्युदेवाचा सण आहे; चर्चने तो मूर्तिपूजकांकडून उचलला; सैतानवाद्यांचा तो सर्वांत मोठा दिवस आहे; भोपळा, सोंगे आणि मिठाई हे नरबळीचे अवशेष आहेत; पवित्र शास्त्राने त्याला मनाई केली आहे; म्हणून जो त्यात भाग घेतो तो सैतानाची उपासना करतो, आणि त्याचे तारण झालेलेच नाही.

आमच्या घरी हॅलोविन साजरा होत नाही. कोणी तो साजरा करावा असाही माझा आग्रह नाही. पण खोटी साक्ष देऊ नको ही दहा आज्ञांपैकी एक आहे, आणि सैतानाविरुद्ध बोलताना ती शिथिल होत नाही. ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवला त्यांची तळमळ खरी आहे हे मी जाणतो. म्हणूनच त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

"साम्हेन हा मृत्यूचा देव होता."

असा देव कोणत्याही जुन्या आयरिश ग्रंथात नाही. त्या शब्दाचा आयरिश उच्चार साधारण 'साविन' असा आहे, आणि ते एका ऋतुसंधीचे नाव आहे : उन्हाळा संपून हिवाळा लागण्याची वेळ, नोव्हेंबरची सुरुवात. गुरे कुरणांवरून परत आणायची, लोकांनी जमायचे, मेजवान्या करायच्या, असा तो काळ. त्याला मृत्युदेव बनवले ते अठराव्या शतकात. चार्ल्स व्हॅलन्सी नावाचा एक लष्करी अभियंता आयर्लंडमध्ये नेमणुकीवर होता. त्याने आयरिश शब्दांच्या हव्या तशा व्युत्पत्ती लावल्या, आणि नंतरच्यांनी त्या न तपासता उतरवून घेतल्या.

नरबळीचे काय? इथे मला प्रामाणिक राहिले पाहिजे. क्रोम क्रुआख नावाच्या मूर्तीपुढे पहिलीवहिली मुले बळी दिली जात, अशी कथा एका मध्ययुगीन आयरिश काव्यात येते, आणि त्या कथेत या ऋतुसंधीचा उल्लेखही आहे. पण ते काव्य आयर्लंडात ख्रिस्ताचा प्रचार करणाऱ्या संत पॅट्रिकनंतर कित्येक शतकांनी, ख्रिस्ती झालेल्या आयर्लंडमध्ये लिहिले गेले. त्या जुन्या धर्माच्या, ड्रुइड म्हटल्या जाणाऱ्या पुरोहितांनी स्वतः काहीच लिहून ठेवले नाही. ज्यूलियस सीझरने गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, नरबळींबद्दल लिहिले आहे, पण त्यात या दिवसाचा पत्ता नाही. एवढ्या तुटपुंज्या आधारावर "दरवर्षी त्या रात्री हजारो मुले जाळली जात" असे छातीठोकपणे लिहिणे म्हणजे न पाहिलेल्याची साक्ष देणे.

"चर्चने मूर्तिपूजकांचा सण उचलून त्याला ख्रिस्ती नाव दिले."

हा मुद्दा शिकलेसवरलेले लोकही सहज मान्य करतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. हुतात्म्यांची आठवण ठेवणारा सण पहिल्यांदा नोव्हेंबरात नव्हताच. पूर्वेकडच्या मंडळ्या तो पन्नासाव्या दिवसाच्या सणानंतरच्या (पेंटेकॉस्टनंतरच्या) रविवारी पाळत, आजही पाळतात. रोममध्ये पोप चौथ्या बोनिफेसने १३ मे ६०९ रोजी पँथिऑन हे जुने देवालय मरीया आणि सर्व हुतात्म्यांच्या नावे समर्पित केले, आणि तिथे त्या दिवशी स्मरण होऊ लागले. आठव्या शतकात पोप तिसऱ्या ग्रेगरीने संत पेत्राच्या चर्चमध्ये सर्व संतांसाठी एक प्रार्थनास्थान उभारले. इ.स. ८००च्या सुमारास इंग्लंडात आणि जर्मन प्रदेशांत १ नोव्हेंबर ही तारीख दिसू लागते. पुढे ८३५ मध्ये पोप चौथ्या ग्रेगरीच्या सांगण्यावरून सम्राट लुई द पायस याने ती फ्रँकिश राज्यात सर्वत्र लागू केली.

आता गंमत अशी नव्हे, तर महत्त्वाची गोष्ट अशी की त्या काळात खुद्द आयर्लंडमधल्या मंडळ्या सर्व संतांचा सण २० एप्रिलला पाळत होत्या. आयरिश लोकांचा नोव्हेंबरातला सण झाकण्यासाठी जर ही तारीख निवडली असती, तर ती आयर्लंडमध्येच आधी दिसायला हवी होती. तिथे ती बाहेरून गेली.

नावाचेही तेच. इंग्रजीत प्रभूची प्रार्थना म्हणताना 'तुझे नाव पवित्र मानले जावो' या ओळीत जो शब्द येतो, तोच 'हॅलो' या नावात आहे. हॅलोविन म्हणजे सर्व पवित्र जनांच्या दिवसाची पूर्वसंध्या, जशी नाताळाची पूर्वसंध्या असते तशी. याच पूर्वसंध्येला, ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी, मार्टिन ल्यूथरने धर्मसुधारणेला सुरुवात करून देणारी आपली ९५ विधाने पुढे आणली. विटेनबर्गच्या चर्चमध्ये दुसऱ्या दिवशी संतांचे अवशेष पाहायला आणि पापदंडाची सूट मिळवायला गर्दी होणार होती. म्हणून ज्या तारखेला हा मजकूर सैतानाची तारीख म्हणतो, तीच अनेक मंडळ्या धर्मसुधारणेचा दिवस म्हणून पाळतात.

नंतरच्या शतकांत लोकांनी त्या संध्याकाळभोवती भुताखेतांच्या कल्पना गुंफल्या, हे खरे आहे. आज दुकानांत जे दिसते त्यात संतांचे नावही उरलेले नाही, हेही खरे. पण मूळ ख्रिस्ती असून सण भरकटला, आणि मूळच सैतानी होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय मुळावरच सगळे ठरवायचे असेल, तर आपण उपासनेला ज्या रविवारी जमतो त्या वाराचे नाव सूर्याचे आहे, आणि जानेवारी महिना जानस या रोमन देवाचा. कोणी म्हणून सूर्यपूजक ठरत नाही.

"सैतानवाद्यांचा हा सर्वांत मोठा सण आहे."

इथे अमेरिकेतल्या सैतानवादी पंथाचा संस्थापक अँटन लाव्हे याच्या नावावर एक वाक्य दिलेले असते : ख्रिस्ती आईबाप वर्षातून एक रात्र तरी मुलांना सैतानाची पूजा करू देतात याचा त्याला आनंद वाटतो, अशा अर्थाचे. ते कुठल्या पुस्तकातले, कुठल्या पानावरचे, हे मजकुरात कधीच नसते. त्याने १९६९ साली छापलेल्या पुस्तकात मात्र प्रत्येकाचा स्वतःचा वाढदिवस हाच सर्वांत मोठा सण म्हटला आहे. हॅलोविनचा क्रम त्यानंतर लागतो. त्याच्या यादीवर आपले आचरण ठरवायचे, तर आधी मुलांचे वाढदिवस बंद करावे लागतील. सैतानाची दिनदर्शिका पाहून विश्वासणारा आपले दिवस ठरवत नाही. हा दिवस परमेश्वराने नेमला आहे असे स्तोत्रकर्ता म्हणतो, आणि त्यातून एकही तारीख वगळत नाही.

"भोपळा, सोंगे, मिठाई हे सगळे ड्रुइडांचे विधी आहेत."

भोपळ्याचे उत्तर एका वाक्यात आहे : ही जात अमेरिकेतली, आणि ड्रुइडांनी ती कधी पाहिलीच नाही. आयर्लंड-स्कॉटलंडात सलगम कोरून दिवे करत, तिथून गेलेल्या लोकांना अमेरिकेत भोपळा मिळाला. दारोदारी जाऊन मिठाई मागण्याची आजची पद्धत उत्तर अमेरिकेतली आहे. तिच्या आरोळीचे छापील उल्लेख विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतले, कॅनडातल्या वर्तमानपत्रांत सापडतात. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण होते तेव्हा ती मंदावली आणि नंतर जोरात पसरली. त्याआधी इंग्लंडात गरीब लोक घरोघर जाऊन मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात छोट्या गोड पोळ्या घेत. मृतांसाठी प्रार्थना करावी असे मला पवित्र शास्त्रातून दिसत नाही. तरी ती करणारे ख्रिस्ताचेच नाव घेत होते.

"वाइटाच्या देखाव्यापासूनही दूर राहा, असे पौल सांगतो."

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातले हे वचन १६११च्या इंग्रजी भाषांतरातल्या एका शब्दामुळे असे वाचले जाते. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथे वाइटाचे सर्व प्रकार असा अर्थ आहे, आणि मूळ ग्रीकला तोच जवळचा आहे. त्याच्या लगेच आधी पौल काय सांगतो? सर्व गोष्टींची पारख करा. म्हणजे ज्या वचनाच्या आधाराने पारख न करता मजकूर पुढे ढकलला जातो, ते वचनच पारख करायला सांगते. दिसण्यावरच सगळे ठरवायचे असते, तर पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या पंक्तीला बसलेल्या प्रभूवर परूश्यांनी ठेवलेला आरोप योग्य ठरला असता.

"जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा अठरावा अध्याय स्पष्टपणे मनाई करतो."

हा त्या मजकुरातला खरा, वजनदार मुद्दा आहे, आणि इतक्या खोट्यांच्या गर्दीत तो वाया जातो याचे मला दुःख आहे. शकुन पाहणे, जादूटोणा, भूतविद्या, मृतांना विचारणे या सगळ्यांची परमेश्वराला घृणा आहे. जिवंतांसाठी मेलेल्यांना का विचारावे, असा यशयाचा प्रश्न आहे. मेलेल्या संदेष्ट्याला बोलावण्यासाठी एन-दोरच्या बाईकडे जाणाऱ्या शौल राजाची शेवटची रात्र वाचून पाहा. इफिसात ज्यांनी विश्वास धरला त्यांनी आपली जादूची पुस्तके जाळली, आणि त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली, असे प्रेषितांची कृत्ये नोंदवते. त्या रात्री खेळ म्हणून आत्म्यांशी बोलण्याची विजा बोर्ड नावाची पाटी मांडली जात असेल, भविष्य पाहण्याची टॅरोची पाने उलटली जात असतील, मेलेल्यांना बोलावण्याचा प्रयत्न होत असेल, तर ख्रिस्ती माणसाने तिथून उठावे. "नुसती मजा" म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही. इतर कोणत्याही रात्री ती तितकीच निषिद्ध आहे.

माझे स्वतःचे नाही म्हणण्याचे कारण आणखी एक आहे. फाटलेली शरीरे, रक्त, यातना यांची सजावट मला घरात नको. जे खरे, आदरणीय, शुद्ध त्याचे मनन करा, हे फिलिप्पैकरांस लिहिलेले वाचल्यावर दारावर तुटका हात टांगायला माझे मन धजत नाही. पण मधमाशीचे पंख लावून शेजारच्या दारात उभी राहिलेली चिमुरडी मृतांना विचारायला आलेली नसते. तिला अनुवाद अठरात बसवण्यासाठी त्या अध्यायात नसलेले शब्द घालावे लागतात.

"जो भाग घेतो तो खरा विश्वासी नाही."

सगळ्यांत जास्त नुकसान हे वाक्य करते. करिंथच्या मंडळीपुढे आपल्यापेक्षा कठीण प्रश्न होता : मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचे मांस. तिथे मूळ शोधण्याची गरजच नव्हती, मांस खरोखर मूर्तीपुढून आलेले असे. पौल एका फटक्यात हो किंवा नाही म्हणत नाही. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा, कारण पृथ्वी प्रभूची आहे. अविश्वासी माणसाने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर पानात येईल ते खा. पण कोणी सांगितले की हा नैवेद्य आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि प्रत्यक्ष मूर्तीपुढच्या पंक्तीत बसू नका. प्रभूच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर दोन्हीकडे बसता येत नाही.

एकाच वस्तूला चार ठिकाणी चार उत्तरे आहेत. कुठे, कोणासोबत, कशात सहभागी होऊन, आणि पाहणाऱ्यावर काय परिणाम होईल, हे पौल विचारतो. म्हणून दारात आलेल्या मुलांना खाऊ देणारे घर, त्या संध्याकाळी मंडळीत मुलांना जमवणारे पाळक, दिवे मालवून प्रार्थनेला बसणारे कुटुंब, हे तिघेही प्रभूसाठी तसे करत असू शकतात. जो आधी चेटूकविद्येत अडकला होता आणि सुटला, त्याला त्या चिन्हांचा नुसता त्रास होत असेल, तर त्याच्यासमोर मी माझे स्वातंत्र्य मिरवणार नाही. त्याच्यासाठी ते पाप आहे, कारण जे विश्वासाने नाही ते पाप, असे रोमकरांस चौदाव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात कोणी एक दिवस दुसऱ्याहून अधिक मानतो, कोणी सर्व सारखे मानतो, तर प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असे सांगितले आहे. आणि दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण, असा थेट प्रश्न. तारण झाले की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा आहे, त्याने तो मोबाइलवर वाटून दिलेला नाही.

उलट बाजूच्या बंधुभगिनींनाही हेच सांगेन. इतिहास आपल्या बाजूने निघाला म्हणून लगेच सोंग चढवायलाच हवे असे नाही. सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी सर्व हितकारक नसतात.

"त्या रात्री सैतानाची शक्ती मोकाट सुटते."

त्या मुलीची झोप उडवली ती याच ओळीने. पवित्र शास्त्रात अशी रात्र नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर सत्ता आणि अधिकार यांना नाडून त्यांचे उघड प्रदर्शन केले, असे कलस्सैकरांस पत्र म्हणते. मरणाच्या भयाने जे जन्मभर दास होते त्यांना सोडवायला तो आला, असे इब्री लोकांस पत्र म्हणते. सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो हे पेत्राने लिहिले आहे, आणि त्याच वाक्यात विश्वासात दृढ राहून त्याला विरोध करा असेही आहे. चॉकलेटच्या कागदातून तो मुलांच्या पोटात शिरतो, हे पेत्राला ठाऊक नव्हते, कारण ते खरे नाही.

मी तिला माणसाच्या तोंडात जे जाते ते त्याला विटाळवत नाही, हे प्रभूचे वचन काढून दाखवले. तिने ते स्वतः बोट ठेवून वाचले, दोनदा. मग रोमकरांस आठव्या अध्यायाचा शेवट वाचला : मरण, जीवन, देवदूत, अधिपती, वर्तमान, भविष्य, यांतले काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही. ती यादी बोटांवर मोजत होती. मोजून झाल्यावर तिने विचारले, "यात चॉकलेट नाहीये. पण ते पण वेगळं करू शकणार नाही ना?"

"नाही," मी म्हटले.

"आणि रात्री दिवा बंद केला तर चालेल?"

"चालेल."