पेटी डेडस्टॉकात आहे

आमच्या कट्ट्यावर मास्तर दोन. एक शाळेचे, रिटायर झालेले, त्यांना आम्ही गुर्जी म्हणतो. दुसरा बँडचा, क्लॅरोनेट वाजवणारा, आठवी नापास. त्याला नुसतं मास्तर. तिसरा परसेंट भाऊ. त्याचं कृषी केंद्र आहे, आणि पोरगा अकोल्याला नीटच्या क्लासला गेल्यापासून हा माणूस पाऊसही टक्क्यांत मोजतो. चौथा मी. पाचवं कुत्रं, ते फक्त टोस्टपुरतं.

यष्टी स्टँडसमोरचा ओटा पावसानं अर्धा ओला होता. परसेंट भाऊनं पेपराची घडी करून बुडाखाली घेतली. बातमी त्याच पानावर होती. शाळेत आता गाणं-वाजवणंही शिकवायचं, अशी. ती तुम्हीही वाचलीच असेल.

"आता शाळेत तबले बडवा म्हणते सरकार! इथं पोट्ट्यायले सतराचा पाढा येत नाई."

"तुले येते?" मास्तरनं विचारलं.

परसेंट भाऊनं चहाचा मोठा घोट घेतला.

गुर्जींना कायद्याची कलमं सांगायची संधी मिळाली की त्यांची पाठ आपोआप ताठ होते. "नवीन काय हाय त्याच्यात? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहून हाय. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असला का कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण अन् कार्यशिक्षण, तिघायसाठी अंशकालीन निदेशक, म्हंजे थोड्या तासांपुरते शिकवनारे. अन् 2020 च्या धोरणात तर म्हणते का अभ्यासाचे विषय अन् अभ्यासाबाहेरचे विषय असा भेदच ठेवाचा नाई."

"मंग आपल्या शाळेत कोन हाय निदेशक?"

"आपला पट सत्त्याऐंशी हाय."

"म्हंजे चौदा कमी पडले म्हणून सत्त्याऐंशी बेसूर," मास्तर म्हणाला.

मला माझ्या पोरीचं प्रगतिपत्रक आठवलं. शाळेत संगीताचा तास नाही, माणूस नाही, आणि वर्णनात्मक नोंदीत लिहिलंय, 'कविता तालासुरात गातो.' गातो! माझी पोरगी आहे. गुर्जी म्हणाले, एप्रिलात एका बैठकीत सगळ्या वर्गाच्या नोंदी लिहायच्या असतात, 'गातो'चं 'गाते' करायला वेळ कोणाला. हे सांगताना त्यांना लाज वाटली नाही, उलट जुन्या दिवसांची आठवण आल्यासारखे हसले.

"पण शाळेत पेटी हाय न?" मी विचारलं.

"हाय न. डेडस्टॉकात हाय, म्हंजे शाळेच्या सामानाच्या रजिस्टरात."

ही पेटी मी पाहिली आहे. लोखंडी कपाटात, मतदार यादीच्या गठ्ठ्यांखाली. उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लंय, तीन पट्ट्या खाली बसल्या त्या बसल्याच. मागच्या वर्षी मास्तर स्वतः गेला होता की द्या, फुकट दुरुस्त करतो, शनिवारी पोरांना सूर लावून देतो. उत्तर मिळालं की डेडस्टॉकातली वस्तू बाहेरच्या माणसाच्या हाती देता येत नाही. उंदीर आतलेच होते, त्यांना अडचण आली नाही.

परसेंट भाऊ तोवर मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होता. विरोध करता करता हा माणूस अचानक पार्टी बदलतो, ही त्याची जुनी खोड. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आम्ही ती पाहिलेली आहे. "हे पाहा! मोझार्टचं संगीत आयकवलं का बुद्धी वाढते. सायन्सनं सिद्ध केलं. असं असन तर मंग लावा शाळेत. नीटले फायदा होते."

यावर गुर्जींनी त्या दिवसातलं एकमेव कामाचं वाक्य टाकलं. "थे 1993 चं हाय. छत्तीस कालेजचे पोट्टे होते अमेरिकेत. कागदाच्या घड्या-आकाराच्या कोड्यायत जरासे बरे गुण पडले, अन् थो असर दहा-पंधरा मिनिटं टिकला."

"दहा मिनिटांत तं पेपरावर नंबर टाकून होत नाई," मास्तर. "अन् आयकाचं काहून म्हणतो बे? गाणं काय टॉनिक हाय, पोट्ट्याच्या कानात दोन थेंब टाकले? कराव लागते. इकडं पाह्य."

त्यानं गिलास बाजूला सारला आणि ओट्यावर बोटं धरली. धा गे ना ति, न क धि न. "कहरवा. आठ मात्रा. तुमी सारखी टाळी द्या." आम्ही दिली. "आता एका टाळीत मी दोन बोलतो." बोल दुपटीनं पळायला लागले, टाळ्या तिथंच. "आता एका टाळीत तीन."

इथं परसेंट भाऊची टाळी बोलांमागं धावली, पाचव्या टाळीला दोन्ही हात हवेत राहिले आणि चेहऱ्यावर रांग चुकल्याचे भाव आले. गुर्जी डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून टिकून होते. मी टिकलो की नाही ते मी लिहिणार नाही.

"आठ टाळ्यायत ठेका कितीदा झाला?"

"तीनदा," टपरीवाल्याचा चौथीतला नातू पुस्तकातून मान वर न करता म्हणाला.

"याले लावा निदेशक," मास्तर म्हणाला.

परसेंट भाऊला हे लागलं. तो म्हणाला, ठीक आहे, पण वाजवून कोणाचं पोट भरलं? मास्तर जरा थांबला. "माह्यं नाई भरत, खरं हाय. लग्नसराई संपली का मी तुह्याच दुकानातून उधारीवर युरिया नेतो. पण तुकडोजी महाराज कोनत्या क्लासले गेले होते? त्यायची मोझरी इथून लांब नाई. 1942 ले इंग्रजायनं त्यायले जेलात टाकलं, थे काय गणित चुकलं म्हणून टाकलं? अन् 1955 ले जपानले गेले तं खंजिरी घेऊनच गेले."

"महाराजाची गोष्ट येगळी."

"येगळी कशी? तुह्या वरातीत मी चार तास वाजवलो. तू घामानं भिजेपर्यंत नाचला, गाडीच्या टपावर चढला, नाग झाला. अन् जेवाच्या टायमाले आमची पंगत कुठं बसवली? बैलायच्या कोठ्यात. पोट्ट्याले तीन हजाराचा कीबोर्ड आणला तं मोहल्लाभर दाखवत फिरला. वाजवणं चांगलं, वाजवणारा कोठ्यात."

परसेंट भाऊ म्हणाला, थे बापानं बसवलं होतं, मी नवरदेव होतो, मला काय माहीत. हे बहुधा खरंही असेल. पण चेहरा पडला तो पडलाच. (भाऊ हे वाचणार आहे. वाचू दे.)

वातावरण हलकं करावं म्हणून मी माझं सांगितलं. पाचवीत होतो, पंधरा ऑगस्टची समूहगीताची तयारी. मी पहिल्या रांगेत, छाती काढून. तर सरांनी पेटी थांबवली, माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "तू नुस्ते ओठ हलव." त्या दिवसापासून आजवर मी आरतीलासुद्धा ओठच हलवतो. बायकोला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं.

"कोन होते थे सर?" परसेंट भाऊनं विचारलं. त्याला आपल्यावरचा विषय कुठंही न्यायचा होता.

मी गुर्जींकडं पाहिलं.

"मी?" गुर्जी म्हणाले. "अबे, तू गात नोहता, तू हाकारत होता. बीडीओ साहेब येनार होते."

आम्ही हसलो, पण मास्तर हसला नाही. काकू गेल्यापासून गुर्जी दर गुरुवारी भजनाला बसतात. टाळ वाजवतात, आणि तो कधीच समेवर पडत नाही. आम्हाला सगळ्यांना हे माहीत आहे.

"गुर्जी," मास्तर हळूच म्हणाला, "तुमचा टाळ दर गुरुवारी चुकते. आमी म्हटलं का कधी, नुस्ते हात हलवा?"

कोणीच काही बोललं नाही. कुत्र्यानंही टोस्ट चावायचं थांबवलं असं मला वाटलं. मग गुर्जीच आधी हसले, खोकला येईस्तोवर हसले, आणि गुडघ्यावर थाप मारून मला म्हणाले, "म्हण बे. आता म्हण. बीडीओ नाई येत."

मास्तरनं बोटं ओट्यावर धरली. मी तीसेक वर्षांनी तोंड उघडलं, पहिला सूर काढला, आणि तेवढ्यात वळणावरून तिवस्याची यष्टी भोंगा वाजवत आली.

"पाहा," मास्तर म्हणाला, "यष्टी सुरात हाय."

"मंग हा काय करून राह्यला?"

"हा साईड मागून राह्यला."

परसेंट भाऊ इतका हसला की बुडाखालचा पेपर फाटला, बातमीसकट.