‘४० डॉलर म्हणजे काय मोठी रक्कम?’: एज ऑफ फेटवरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार बाब,

तुमची कमेंट चिडून लिहिलेली आहे पण मुद्दे आहेत तिच्यात, म्हणून दोन ओळी खरडून मोकळा होत नाही, नीट उत्तर देतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेस्टिनी २ हा बंजी कंपनीचा ऑनलाइन शूटर गेम. त्याचं ‘एज ऑफ फेट’ हे एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडून विकला जाणारा नवा भाग, बहुतेकांनी पहिल्या दिवशी घेऊ नये असं मी लिहिलं होतं. त्यावर म्हापशाच्या या वाचकांचं म्हणणं असं की ४० डॉलर म्हणजे कळंगुटला शॅकवर चौघं बसलो तर तेवढंही पुरत नाही आणि इथे शंभर तास खेळायला मिळतं. कॅम्पेन, म्हणजे स्टोरीचा भाग, एकट्याने पण झकास खेळता येतं. लोकांनी पैसे दिले नाहीत तर गेम बंद पडेल. आणि ‘फुकट्यांना सगळं फुकटच पाहिजे’ हे आपल्याकडचं जुनं दुखणं, त्याला मी खतपाणी घालतोय. शेवटी भाच्याच्या वाढदिवसाचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर मी पण शेवटीच देतो.

फुकट्या म्हणालात ते राहू दे. मी महाग आहे म्हणून घेऊ नका असं कुठेच लिहिलेलं नाही, परत वाचून बघा. मी लिहिलं होतं की तुमची सहा जणांची टीम ठरलेली असेल तर माझं काही न ऐकता घ्या, नसेल तर थांबा. मल्टिप्लेअर शूटरमध्ये पैसे वसूल होतात ते बरोबर खेळणाऱ्या माणसांमुळे. नकाशे, बंदुका, स्टोरी हे सगळं आहेच, पण त्यातला सगळ्यात चांगला भाग माणसं नसतील तर उघडतच नाही.

उदाहरण देतो. २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या ‘द फायनल शेप’ या आधीच्या एक्स्पान्शनची रेड, म्हणजे सहा जणांनी मिळून खेळायची मोठी मोहीम घ्या, त्यातला चौथा टप्पा, व्हेरिटी. तिघं आत अडकतात, वेगवेगळ्या खोल्यांत, आणि तिघं बाहेर. आतल्या प्रत्येकाच्या पुतळ्याच्या हातात एक आकार असतो, गोल, त्रिकोण नाहीतर चौकोन. बाहेरच्यांनी त्याच माणसाच्या बाहेरच्या पुतळ्याला उरलेल्या दोन आकारांची घन वस्तू मिळवून द्यायची, म्हणजे आत गोल असेल तर बाहेर त्रिकोण आणि चौकोन मिळून होणारी प्रिझम. तोवर आतले आपापल्या भिंतीवरच्या सावल्या एकमेकांना पाठवत बसलेले, वर घड्याळ चालू आणि शत्रू येतच असतात. हे सगळं बोलून करायचं. ‘माझ्याकडे गोल’, ‘अरे कुणाकडे, डावीकडच्याकडे की मधल्याकडे’, ‘माझी डावी की तुझी डावी’, आणि त्यात एकाचा माईक घरघरतोय. सहा ओळखीची पोरं असली की याच्यासारखी मजा दुसऱ्या कुठल्या शूटरमध्ये मला तरी मिळाली नाही. अनोळखी पाच जण असले आणि त्यातला एक मध्येच उठून गेला की याच्यासारखा मनस्ताप पण नाही. जत्रेतल्या नाटकासारखं आहे हे, स्क्रिप्ट कितीही चांगलं असू दे, पात्रंच जमली नाहीत तर पडदा वर जात नाही.

आता ही सहा माणसं गोव्यात बसून जमवा. आठवड्याचा रिसेट मंगळवारी रात्री साडेदहाला आपल्याकडे, कारण बंजीवाल्यांची तिकडे अमेरिकेत सकाळ असते. नवीन एक्स्पान्शन पण त्याच सुमाराला उघडतं. एज ऑफ फेट आलं १५ जुलै २०२५ ला, म्हणजे भर पावसात. जुलैमध्ये आमच्या डिचोलीत रात्री साडेदहाला काय होतं ते तुम्हाला म्हापशात बसून मी सांगायला नको, माडाची झावळी तारेवर पडली की करंट गेला, आणि इन्व्हर्टरवर राउटर चालला तरी पीसी चालत नाही. आमच्या ग्रुपमधला एक क्रूझवर कामाला, तो अर्धं वर्ष समुद्रातच. एक फार्मागुडीला शिकतो, परीक्षा आल्या की गायब. दोघं नोकरीसाठी पुण्याला गेले, त्यांना सकाळी लवकर उठायचं असतं म्हणून अकरा वाजले की जांभया सुरू. आणि ऑगस्ट संपता संपता चवथ, म्हणजे गणपती, त्या आठवड्यात गावच्या घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून रेडला कोण येणार? मी पण नाही येणार. मग उरतं काय तर अनोळखी लोक शोधणं. २०२३ च्या शेवटापासून गेममध्येच फायरटीम फाइंडर आलाय, आधीपेक्षा खूप बरं आहे, पण आपल्या वेळेला, आपली बोली समजणारे आणि नवख्याला शिकवायची तयारी असलेले लोक त्यातून मिळतीलच असं नाही. अमेरिकेतला रिव्ह्यूवाला ही अडचण लिहीत नाही कारण त्याला ती येतच नाही. मी लिहिली तर त्याला तुम्ही रडगाणं म्हणता.

कॅम्पेन एकट्याने खेळता येतं हे बरोबर आहे. २०२२ च्या ‘विच क्वीन’ एक्स्पान्शनपासून लेजंडरी कॅम्पेन आलं, ते एकट्याने खेळायला कठीण आहे आणि छान आहे, मी आवडीने खेळतो. पण बाब, कॅम्पेन कुठे पळून जातंय? एकट्यानेच खेळायचं असेल तर जुलैत काय आणि पुढच्या मार्चमध्ये काय, आणि तोवर किंमत उतरते. या गेमचा हा जुनाच रिवाज आहे, पुढचं यायला लागलं की मागचं सेलमध्ये. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तर एपिक स्टोअरवर शॅडोकीप, बियॉन्ड लाइट आणि विच क्वीन अशा तीन जुन्या एक्स्पान्शनांचं कलेक्शन चक्क फुकट मिळत होतं. ज्यांनी पूर्ण किंमत देऊन मित्रांबरोबर पहिल्या महिन्यात रेड मारली त्यांचे पैसे वसूल झालेच, त्यांना काही वाटायचं कारण नाही. ज्याने एकट्याने कॅम्पेन संपवून गेम बंद केला त्याने मात्र हळहळावं, तो थांबू शकला असता.

फार थांबलं तर कधीकधी काहीच उरत नाही, हे पण सांगतो, कारण हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे आणि तुम्ही मांडलाच नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये बियॉन्ड लाइट आलं तेव्हा मूळ गेमचं रेड वॉर कॅम्पेन आणि सुरुवातीची दोन्ही पेड एक्स्पान्शनं गेममधून काढून टाकली, त्याबरोबर मंगळ, बुध, आयओ, टायटन सगळं गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फोरसेकन या एक्स्पान्शनचं कॅम्पेन पण गेलं, आणि तेही लोकांनी पैसे मोजून घेतलेलं. कथाचोरीच्या एका खटल्यात २०२५ मध्ये रेड वॉर कसं होतं हे दाखवायला कंपनीने यूट्यूबचे व्हिडिओ आणि फॅन लोकांनी लिहिलेली पानं जोडली होती, म्हणजे बनवणाऱ्यांनाच ते आता चालवून दाखवता येत नाही. पुढे एक्स्पान्शनांची कॅम्पेनं काढायचं थांबवलं हे खरं, पण असल्या गेममध्ये आपण घेतलेली वस्तू आपल्या कपाटात नसते, त्यांच्या सर्व्हरवर असते, आणि ती कधी उचलायची ते तेच ठरवतात. त्यामुळे शंभर तासांचा हिशोब मला पटत नाही. आणि त्या शंभरातले किती तास नवीन असतात? तोच लॉस्ट सेक्टर, म्हणजे छोटीशी गुहा, पुन्हा पुन्हा, कारण पॉवरचा, म्हणजे कॅरेक्टरच्या ताकदीचा, आकडा वाढवायचाय. एज ऑफ फेटमध्ये तर सगळ्यांची पॉवर खाली आणून परत चढायला लावली. तासच मोजायचे असतील तर मडगाव स्टेशनवर लेट झालेल्या गाडीची वाट बघताना पण भरपूर होतात.

डेव्हलपरच्या पोटाचं बोललात. पैसे द्यावेत, मी देतो. फक्त आपण ४० डॉलर टाकले म्हणजे तिथल्या माणसाची नोकरी वाचली असं समजू नका. फायनल शेपला लोकांनी डोक्यावर घेतलं, वर्षानुवर्षांची स्टोरी नीट संपवली म्हणून जुने खेळाडू परत आले. ते आलं ४ जून २०२४ ला आणि ३१ जुलैला बंजीने २२० लोकांना काढलं. सोनीने २०२२ मध्ये ही कंपनी ३.६ अब्ज डॉलरला घेतली, एवढ्या मोठ्या हिशोबात तुमचा-माझा एक्स्पान्शनचा निर्णय कुठे लागतो? आवडलं तर घ्या, पण पुण्य मिळेल म्हणून घेऊ नका.

नवीन एक्स्पान्शन न घेणाऱ्याचं काही अडत नाही, क्रूसिबल (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढती, म्हणजे पीव्हीपी) सगळ्यांना फुकटच आहे, असं पण तुम्ही म्हणता. फुकट आहे हे बरोबर. पण बियॉन्ड लाइटबरोबर स्टेसिस आलं तेव्हा काय झालं आठवतं? पैसे भरणाऱ्यांच्या हातात समोरच्याला गोठवायची पॉवर, आणि न भरणारा बर्फात उभा. नंतर त्याला एकामागून एक कात्री लावली, पण ते पहिले महिने वाईट होते. शिवाय इथे पीव्हीपीमध्ये खेळाडूंच्या मशिनी एकमेकांशी जोडल्या जातात, तेव्हा समोरच्याची लाइन खराब असली की तुमची गोळी लागून पण लागत नाही. व्हॅलोरंट या दुसऱ्या शूटरला मुंबईत सर्व्हर आहे, म्हणून इथली बहुतेक पोरं तिकडे गेली आणि आता डेस्टिनीच्या क्रूसिबलला जवळचा प्रतिस्पर्धी मिळणंच कठीण. त्याचा दोष एक्स्पान्शनला देत नाही, पण फक्त पीव्हीपीसाठी पैसे घालणार असाल तर नका घालू.

हे फक्त डेस्टिनीचं आहे असं पण नाही. बॅटलफिल्ड ४ ला पाच पेड पॅक आले, प्रत्येकात नवे नकाशे, आणि घेतलेले वेगळे, न घेतलेले वेगळे, अशी एकाच गेमची वाटणी झाली. घेतलेल्यांना काही दिवसांनी नव्या नकाशावर सर्व्हर भरलेला मिळेना. २०१६ मध्ये टायटनफॉल २ ने नकाशे सगळ्यांना फुकट देऊन टाकले, आणि बॅटलफिल्ड ५ ने २०१८ मध्ये पेड पॅकांचा प्रीमियम पासच काढून टाकला. माणसं विभागली की गेम मरतो हे विकणाऱ्यांनाच कळलेलं आहे, ते मी सांगितलं तर ‘फुकट्यांची बाजू’ कशी होते?

आता भाचा. वाढदिवसाला त्याने हे मागितलंय आणि माझं वाचून नको म्हणू का, असं विचारलंय. नको म्हणू नका. आधी त्याला विचारा की त्याच्याबरोबर कोण कोण खेळतं आणि त्यांनी घेतलंय का. तीन-चार नावं पटकन सांगितली तर लगेच घेऊन द्या. ‘ऑनलाइन मिळतील’ म्हणाला तर सेलची वाट बघा आणि तोवर त्याला हेडफोन घ्या. आणि महत्त्वाचं, तो कशावर खेळतो ते नक्की बघून घ्या, कारण कॅरेक्टर एका मशीनवरून दुसऱ्यावर जातं पण एक्स्पान्शन जात नाही, प्लेस्टेशनवर घेतलेलं पीसीवर चालत नाही आणि एपिकवर घेतलेलं स्टीम या पीसीच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर पण नाही. मागच्या काही एक्स्पान्शनांना डन्जन की (डन्जन म्हणजे तिघांची छोटी मोहीम, तिचा पास) वेगळी विकली तो पण एक घोळ होता, त्यामुळे विक्रीच्या पानावर काय काय मिळणार ते खाली शेवटपर्यंत वाचा. स्टीमवर घेतलंत तर साधारण १४ दिवसांत, आणि घेतल्यापासून एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, म्हणजे सरप्राइज चुकलं तरी निस्तरता येईल, फक्त पोराला त्या रात्री दोन तासांवर थांबवायचं काम तुमचं.