‘कुणी हात धरले होते का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सडेतोड’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इचलकरंजीच्या यंत्रमागांचा देशातला बाजार कुणामुळे आटला, यावरचा माझा लेख आपल्याला ‘रडगाणं’ वाटला. खुल्या व्यापाराने मागवाल्यांचं काही वाकडं केलं नाही, ते स्वतःच्या आळसाने मेले, असं आपलं म्हणणं. “नवीन मशीन घ्यायला कुणी हात धरले होते का?” हा आपला सवाल. बांगलादेशला जमलं ते यांना का जमलं नाही, हा दुसरा. स्वस्त कपडा शेवटी गरिबालाच मिळतो, हा तिसरा मुद्दा. मग मी परमिट-राजचा भक्त आहे असा शेरा, आणि वर “आधी धंदा करून बघा, मग लिहा” असा सल्ला.

सल्ल्याचं आधी. सायझिंगचा, म्हणजे विणण्याआधी उभ्या सुताला खळ लावून देण्याचा, धंदा आमच्या घरात माझ्या आधीपासून आहे. सूत येतं कुठून, बीम (उभं सूत गुंडाळलेला रूळ) जातो कुणाकडे, बिल थकतं कुणाचं आणि का, हे मी वाचून लिहीत नाही. ज्याला ओळखत नाही त्याला ‘धंदा करून बघा’ म्हणण्याआधी माणसाने एकदा विचारावं. मतभेदाचं मला वाईट वाटत नाही, ही भाषा मात्र लागली.

स्वस्त कपड्याचा मुद्दा मान्य. सणाला पोराला दोन शर्ट घेता येतात ते मागावरच्या कामगारालाही घेता येतात, आणि हे माझ्या लेखात यायला हरकत नव्हती. गावात शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे नवे, माग बसवून उत्तम चाललेले कारखाने आहेत, हेही खरं.

आता ते ‘हात धरले होते का’.

हे वाक्य लिहिणाऱ्याने माग बदलणं म्हणजे फोन बदलण्यासारखं मानलं आहे. साधा माग मिनिटाला १४० फेऱ्यांच्या आसपास चालतो, एका फेरीत एक आडवा धागा. ५२ पिकाचं कापड, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे, धरलं तर एका मीटरला २,०४७ धागे बसतात. ८० टक्के कार्यक्षमतेने तासाला सव्वातीन मीटर, बारा तासांत साधारण ३९ मीटर. तेच कापड ७०० फेऱ्यांच्या एअरजेटवर, म्हणजे हवेच्या झोताने आडवा धागा नेणाऱ्या मागावर, ९० टक्के कार्यक्षमतेने, बारा तासांत २२० मीटरच्या पुढे जातं. साडेपाच पट. इथवरचा हिशोब तुम्हालाही माहीत असावा, म्हणूनच प्रश्न इतका सोपा वाटला.

पुढचं बघा. समजा सूत असं आहे की दर ५,००० फेऱ्यांना एक धागा तुटतो. साध्या मागावर तो ३५ मिनिटांनी एकदा तुटेल. कामगार आठ माग सांभाळत असला तरी गाठ मारून पुढे जाईल. तेच सूत एअरजेटवर चढवा, दर सात मिनिटांनी माग थांबेल. आठ माग असतील तर मिनिटाला एकापेक्षा जास्त माग उभा. ९० टक्के कार्यक्षमता कागदावर राहते आणि बँकेचा हप्ता मात्र ९० टक्क्यांच्या हिशोबावर ठरलेला असतो. म्हणजे माग बदलायचा तर आधी सूत बदलावं लागतं. गाठ नसलेलं, स्प्लाइस केलेलं (गाठीऐवजी टोकं एकमेकांत मिसळून जोडलेलं), कमी लव असलेलं. मग सायझिंग बदलावं लागतं. खळ कमी बसली तर उभे धागे घासून पिंजारतात, जास्त बसली तर कडक होऊन तुटतात, आणि या वेगाला दोन्ही चालत नाही. मग शेडमधली हवा. दमटपणा टिकला नाही की कोरडं सूत पटापट तुटतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मार्च ते मे तो आपोआप टिकत नाही. मग कॉम्प्रेसर, त्याची कोरडी, तेलविरहित हवा, त्याची वीज.

विजेचंही ऐका. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर. चोवीस माग बसवले तरी माणूस २७ अश्वशक्तीच्या आत राहतो, आणि महाराष्ट्रात यंत्रमागाच्या वीज सवलतीचा उंबरठा तोच आहे: २७ च्या आत एक दर, वर दुसरा. रेपियरला, म्हणजे धागा चिमट्याने ओढून नेणाऱ्या शटललेस मागाला, चार-पाच अश्वशक्ती लागते. सहा-सात रेपियर घेतले की उंबरठा ओलांडला. मोठं व्हायला निघालेल्याला पहिला फटका बिलातच बसतो.

आणि कर्ज? केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना १ एप्रिल १९९९ पासून होती, व्याजातले ५ टक्के परत मिळत होते, हे मलाही ठाऊक आहे. पण ती सवलत कर्ज मिळाल्यावरची. इचलकरंजीतला मोठा वर्ग खर्चीवाल्यांचा. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याची फक्त मजुरी. समजा पिकाला सहा पैसे मजुरी धरली. ५२ पिकाला मीटरमागे ३ रुपये १२ पैसे. साध्या मागाचे तासाला दहा रुपये, त्यातच कामगार, कांड्या भरणारा, माग दुरुस्त करणारा जॉबर, वीज, सुटे भाग. त्याच्या वहीत उलाढाल म्हणून हेच दहा रुपये दिसतात. शेडमधून लाखो रुपयांचं कापड गेलं तरी ते त्याचं नाही. बँक उलाढाल बघून कर्ज देते. तारणाला तीच पत्र्याची शेड, तीही पुष्कळदा भाड्याची. हात कुणी धरले नव्हते, सडेतोड. हातात काही नव्हतं.

ज्यांनी उडी मारली त्यातल्या पुष्कळांनी परदेशातले वापरलेले माग आणले. नव्याच्या किमतीच्या मानाने ते फार स्वस्त पडायचे. माग चालला की छान चालायचा. रेपियरची टेप किंवा ग्रिपर गेला तर मिळायचा. पण इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं, आणि बनवणाऱ्याने ते मॉडेल बंद केलेलं असलं, की एका मागाचे भाग काढून दुसरा चालवायचा. चार मागांचे तीन व्हायला वेळ लागत नाही. हप्ता मात्र चाराचाच.

तुमच्या बाजूने जाणारा सर्वांत मजबूत मुद्दा तुम्ही मांडलाच नाही, तो मीच सांगतो: दर्जा. निर्यातीच्या कपड्याला कापड चार गुणांच्या पद्धतीने तपासतात. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, नऊ इंचांवरच्याला चार, आणि शंभर चौरस यार्डांत ४० गुण झाले की सहसा माल परत. साध्या मागावर कांडी बदलताना आणि माग थांबून सुरू होताना आडवी पट्टी पडते, ती मोजली जाते. रुंदीही कमी. तेव्हा तो माग निर्यातीच्या शर्यतीत नव्हता, हे मी कुठेही नाकारलेलं नाही. पण त्याचा माल देशातल्या बाजारात खपत होता, आणि तो बाजार कुणामुळे आटला हा लेखाचा विषय होता.

इथे तुमचा बांगलादेश येतो. १ जानेवारी २००५ ला जगातले कापड-कपड्यांचे कोटे, म्हणजे कुठल्या देशाने किती माल पाठवायचा याच्या मर्यादा, संपले. त्याआधीच, २००१ पासून, युरोपीय संघाने सर्वांत कमी विकसित देशांना शुल्कमुक्त दार उघडलं होतं. त्या काळात भारताच्या बहुतेक कपड्यांवर तिथे ९.६ टक्के शुल्क होतं, बांगलादेशच्या कपड्यावर शून्य. २०११ पासून युरोपने अटही सैल केली: कापड बाहेरून आणून नुसतं शिवलं तरी शून्य शुल्क. त्याच वर्षी भारतानेही साफ्टाखाली, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली, बांगलादेशसाठी जवळजवळ सगळ्या वस्तू मोकळ्या केल्या. म्हणजे चिनी कापडाचा शर्ट तिथे शिवून आपल्याकडे शुल्काशिवाय येऊ शकतो, आणि तेच चिनी कापड सरळ भारतात आलं तर शुल्क लागतं. आपलं सूती सूत सर्वांत जास्त विकत घेणारा देशही तोच. तिथल्या कामगाराचं पोट भरतं याचा मला राग नाही. पण ही शर्यत सगळ्यांनी एका रेषेवरून सुरू केली, असं म्हणू नका. शेवटी मे २०२५ मध्ये सरकारने तिथले तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून आणायला बंदी केली, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदर ठेवलं. तुमच्या मते आळशी मागवाल्यांचाच दोष होता, तर सरकारला हे का करावं लागलं?

परमिट-राजच्या शेऱ्यावर वेळ घालवत नाही. मी तसं काही लिहिलेलं नाही. इतकंच सांगतो: कोटे संपून सहा महिने होत नाहीत तोच, जून २००५ मध्ये, युरोपीय संघाने चीनशी बोलून दहा प्रकारच्या मालावर पुन्हा मर्यादा घातली, ती २००७ अखेरपर्यंत. अमेरिकेने २००८ पर्यंत. त्यांनी स्वतःच्या गिरण्यांसाठी वेळ मागून घेतला तेव्हा त्यांना कुणी रडके म्हणालं नाही. वेळ इचलकरंजीने मागितला की ते रडगाणं.

‘मग उपाय काय’ असंही आपण शेवटी विचारलंय, टोमण्यातच का होईना. खर्चीवाल्याचा व्यापाऱ्याशी लेखी करार, पीक, मजुरी आणि मुदत लिहून, आणि त्या करारावर बँकेचं कर्ज. २७ अश्वशक्तीचा उंबरठा असा एकदम न ठेवता सवलत टप्प्याटप्प्याने कमी करणं. आठ-दहा जणांत मिळून एक चांगलं सायझिंग आणि एक कॉम्प्रेसर. आणि छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याची आयकर कायद्यातली तरतूद, २०२४ पासून लागू झालेली, खर्चीवाल्याच्या बिलालाही खरोखर लावणं. त्यासाठी त्याची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी, आणि ती अजून कितीतरी शेडवाल्यांकडे नाही. यातल्या कशावर आपला आक्षेप असेल तर आकडे घेऊन लिहा, मी उत्तर देईन.