रेन्वारच्या हाताला ब्रश बांधलेला नव्हता

फॅमिली ग्रुपवर तो फोटो परत आलाय, व्हीलचेअरवर बसलेला दाढीवाला म्हातारा, हाताला पांढऱ्या पट्ट्या, खाली लिहिलंय की संधिवाताने बोटं निकामी झाली तेव्हा फ्रेंच चित्रकार रेन्वारने ब्रश मनगटाला बांधून घेतला, एकट्याच्या जिद्दीवर मरेपर्यंत चित्रं काढली, वेदनेनेच त्याला महान केलं, आणि तुम्ही कारणं सांगत बसता. मावशीने तो आईला वेगळा पण पाठवला. आईला हाच आजार आहे, म्हणून मला गप्प बसवत नाहीये.

ब्रश बांधलेला नव्हताच मुळी. बोटं आत वळून तळव्यात रुतायची, तिथली कातडी सोलवटू नये म्हणून त्या पट्ट्या असायच्या. ब्रश तो स्वतः धरायचा, फक्त उचलून घेता यायचा नाही. १९१५ साली साशा गीत्री या फ्रेंच नाटक-सिनेमावाल्याने त्याचं शूटिंग केलंय त्यात दिसतं, धाकटा मुलगा क्लोद शेजारी उभा राहून ब्रश हातात देतोय आणि म्हातारा भराभर रंगवतोय. १९९७ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे डॉक्टरांनी यावर लेख लिहिला, तेही हेच सांगतात.

एकट्याच्या जिद्दीवर हे तर अजिबातच नाही. मोठा कॅनव्हास रुळांवर चढवलेला असायचा, रंगवायचा भाग फिरवून समोर आणायचा, म्हणजे हात लांब करायला नको. शिल्पं करायची होती तर १९१३ पासून रिशार गीनो नावाचा तरुण शिल्पकार त्याच्या सांगण्यावरून माती घडवायचा, आणि पुढे १९७३ मधे फ्रेंच कोर्टाने गीनोला त्या शिल्पांचा सहनिर्माता मानलं! फॉरवर्डमधे या माणसांचं नावसुद्धा नाही.

वेदनेने महान केलं म्हणताय तर आजार सुरू झाला १८९२ च्या सुमारास, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता, आणि त्याचं सगळ्यात गाजलेल्यांपैकी एक, 'मूलँ द ला गालेत'चं नाचाचं चित्र, १८७६ चं आहे. दुखणं नंतर आलं.

आता जिद्दीचं. त्याचा मुलगा ज्याँ, तो सिनेमावाला, त्याने वडिलांची एक गोष्ट लिहून ठेवलीय. एका डॉक्टरने खूप मेहनत घेऊन रेन्वारला खुर्चीतून उठवलं, चार पावलं चालवलं पण, आणि हा म्हणाला की यात माझी सगळी ताकद जाते, चित्रासाठी काही उरत नाही, चालणं आणि रंगवणं यातलं एकच निवडायचं तर मी रंगवणं निवडतो. आणि परत खुर्चीत बसला तो कायमचा. त्याने चालणं सोडून दिलं हे पण लिहा ना त्या फोटोखाली.

आईने पोळ्या लाटणं सोडलं तेव्हा याच मावशीने तिला आळशी झालीस म्हटलं होतं. पोळ्या आता बाहेरून येतात. रांगोळी मात्र आईच काढते, चिमटीत धरवत नाही म्हणून रांगोळीच्या पेनने, तो भरून हातात मी देते.