धारेचं वजन

आमच्या सुरीखाली टोमॅटो आधी बसतो, मग फुटतो आणि शेवटी कंटाळून कापला जातो. आईला याचं काहीच नाही, मालवणात जन्म काढलेली बाई, फणसापासून बांगड्यापर्यंत सगळं आदाळीवर, म्हणजे विळीवर. "माका नको ती सुरी, माजी आदाळी बरी," म्हटलं की संपला विषय.

मला मात्र किडा चावला. रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो तेव्हा कळलं की धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू भेटतात तिथली कड किती बारीक, बस्स. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, चांगल्या सुरीची कड एका मायक्रॉनच्याही आत. म्हणजे ती दिसायलाच नको, आणि दिसली तर समजायचं बोथट आहे. ट्यूबलाइटखाली सुरी धरली तर कडेवर देवबागचा अख्खा किनारा चमकत होता.

मोजायचं कसं? शेफील्डच्या कॅट्रा संस्थेचं एक यंत्र आहे, ते वाळूची पूड मिसळलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर सुरी मागेपुढे ओढतं आणि किती मिलिमीटर कापलं ते मोजतं. ते काय आपल्याला परवडणार नाही. दुसरी पद्धत गरिबाची, ताणलेल्या दोऱ्यावर कड दाबायची आणि दोरा किती ग्रॅमला तुटतो ते बघायचं, दाढीचं नवं ब्लेड म्हणे 50च्या आसपास तोडतं. मी बायकोचा केकचा वजनकाटा घेतला, त्यावर स्टीलचा डबा, डब्याच्या तोंडावर मासे धरायच्या गरीचं नायलॉनचं तंगूस ताणून बांधलं. (तंगूस म्हणजे काही त्या चाचणीतला दोरा नव्हे, त्यामुळे आपले आकडे आपल्याच घरात.)

पहिला आकडा 1 किलो 340 ग्रॅम.

"अहो, एवढ्यात कोंबडी येते," बायको म्हणाली.

मग धार लावायचा 1000 ग्रिटचा दगड मागवला (ग्रिट म्हणजे दगडाचा दाणा किती बारीक ते). साधारण 15 ते 20 अंशात धरून एक बाजू घासत राहायची, दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कोर उलटेपर्यंत. ही कोर महाफसवी. बोटाला इतकी धारदार लागते की मी नाचायचाच बाकी होतो, आणि पहिल्याच कांद्यात ती मोडली. ती हलक्या हाताने काढून टाकायची असते, हे मला चौथ्या दिवशी समजलं. तोपर्यंत केस कापून धार बघायच्या नादात डावा हात कोपरापर्यंत सफाचट, ऑफिसात एकाने काळजीने विचारलं की सलाइन लावलं होतं का.

पण शेवटी आकडा आला, 210! कागद हवेतल्या हवेत कापला जात होता आणि टोमॅटोच्या चकतीतून पेपर वाचता आला असता.

आता आदाळीही मोजायची म्हणून रविवारी सकाळी ती उचलून पडवीत नेली. पण तिचं पातं पाटाला ठोकलेलं, ते काट्यावर दाबणार कसं? म्हणून काटाच उलटा धरून तंगूस वरून पात्यावर दाबत बसलो. काट्याने शून्याच्या वर जायला साफ नकार दिला. आई दारातून बघून गेली. "सकाळीच तुका काय झाला?"

आदाळी माझ्याकडे, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा सुरी घेतली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "काय बरी कापता रे ही!" माझा ऊर भरून आला. मग दुसरा आवाज ऐकू आला, टण्, टण्, टण्. आदाळीवाल्या घरात चॉपिंग बोर्ड कुठून असणार, आई स्टीलच्या ताटात कांदा कापत होती, आणि प्रत्येक टण्‌ला माझा एकेक मायक्रॉन ताटावर वाकून आडवा होत होता. सांगायला गेलो नाही, आई इतकी खूश होती.

संध्याकाळी गुपचूप तंगूस बांधलं. 1 किलो 180.

बायकोने खांद्यावरून वाकून बघितलं. "आज कोंबडी लहान मिळाली वाटतं."