‘नागपूरच्या पोटाला काही होत नाही’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, अन् मग वाटलं की याला दोन ओळीत उत्तर देणं बरोबर नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की क्रूझवर उलट्या-जुलाब पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरनी नीट मरत नाही म्हणून साबणानीच हात धुवा. त्यावर काकांचं म्हणणं की मी डिसेंबरमध्ये मिसेसला घेऊन मुंबईहून क्रूझला जाणार आहे, रिटायरमेंटचे पैसे लावले, अन् तुम्ही लोकांना घाबरवून राहिल्या, जहाजवाले दर दहा पावलांवर सॅनिटायझर ठेवतात ते काय मूर्ख आहेत का, आणि चाळीस वर्षं तर्री पोहा अन् सावजी खाल्लेल्या पोटाला कुठला व्हायरस काय करणार.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. माझं हेडिंग भडक होतं. अमेरिकेच्या सीडीसीकडे (म्हणजे तिथलं साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) नोरोच्या ज्या साथींची नोंद होते त्यात क्रूझवरच्या जेमतेम 1 टक्का असतात, जास्त करून म्हाताऱ्या लोकांची केअर होम, हॉस्पिटलं, हॉटेलं, शाळा असतात. खुद्द व्हायरसचं नाव पण जहाजावरून नाही पडलं, 1968 मध्ये ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या एका शाळेत साथ आली होती, तिथले नमुने जपून ठेवले होते, त्यातून 1972 मध्ये तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला. मग जहाजाचंच नाव काऊन खराब? कारण जहाजावर मोजतात. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांना किती जणांना जुलाब झाले ते कळवावं लागतं, अन् 3 टक्के प्रवासी किंवा स्टाफ आजारी पडला की सीडीसी ते जाहीर करते. आपल्याकडे लग्नाच्या बुफेनंतर अर्धी वरात आडवी होते, कोण मोजतं? ‘पनीर खराब होतं’ म्हणायचं अन् विषय संपला. (आणि ही सीडीसीची भानगड मुंबई-गोवा फेरीच्या जहाजाला लागू नाही, म्हणून आपली काळजी आपणच घ्यायची.)

आता सॅनिटायझर. मी नागपूरला धंतोलीत लॅबमध्ये नोकरी करते, डॉक्टर नाही, पण हे समजायला डॉक्टर लागत नाही. कोरोनाच्या व्हायरसला वरून चरबीचं एक आवरण होतं, अल्कोहोल लागलं की ते विरघळायचं अन् व्हायरस खलास. नोरोला ते आवरणच नाही, त्याच्यावर प्रोटीनचं टणक कवच असतं, त्याला अल्कोहोल फारसं काही करत नाही. आणि गंमत अशी की साबण पण त्याला मारत नाही! साबण त्याला हातावरून सोडवतो अन् नळाचं पाणी वाहून नेतं, म्हणून वीस सेकंद चोळायचं अन् धारेखाली धुवायचं, नुसतं ओलं करून पँटला पुसायचं नाही. जहाजवाले मूर्ख नाहीत, सॅनिटायझर बाकी जंतूंना चालतं, वाटलं तर तेही लावा, पण साबणाच्या बदली म्हणून नाही.

अन् तुमची तर्री. उकळत्या तर्रीत व्हायरस टिकणार नाही हे खरं, पण ते भांड्यात, तिखटामुळे नाही तर उकळल्यामुळे. त्यावर वरून कच्चा कांदा अन् सांबार (म्हणजे कोथिंबीर) जो पोरगा टाकतो त्याचे हात कुठे उकळले होते? पोटात गेल्यावर तर तिखट सोडा, पोटातल्या ॲसिडनीही नोरो मरत नाही. शंभराच्या आत कण पुरतात, आणि आजारी माणसाच्या एक ग्रॅम शीमध्ये ते अब्जावधी असतात (जेवताना वाचत असाल तर सॉरी). आता तुम्ही म्हणाल मला तर कधीच काही झालं नाही. होऊ शकतं काका, खरंच होऊ शकतं, एफयूटी-2 नावाचं एक जनुक ज्यांच्यात बंद असतं त्यांना नोरोचे बरेचसे प्रकार लागतच नाहीत, युरोपात साधारण पाचातला एक माणूस असा असतो. पण त्याचं श्रेय तुमच्या आईबाबांना, सावजीला नाही! आणि काकूंमध्ये ते जनुक तसंच असेल याची काय गॅरंटी?

‘मग काय हातानं जेवायचं नाही का’ असं पण तुम्ही विचारलं. जेवा ना, मीपण हातानंच जेवते. गडबड क्रमात आहे. आपण वॉशबेसिनवर हात धुतो, मग बुफेच्या लाईनीत लागतो, दोनशे लोकांनी धरलेला डाव धरतो, पोळीचा चिमटा धरतो, अन् त्याच हातानी घास. धुतलेलं सगळं वाया. माझी आजी म्हणायची उष्टा हात डावाला लावू नको, डाव्या हातानी वाढून घे. तेच करा, फक्त पहिल्या वाढणीपासून. ताट काउंटरवर टेकवा, डावा हात डावाला, उजवा हात कशालाच लावायचा नाही, किंवा सरळ ताट टेबलवर ठेवून एकदा हात धुऊन या, काकू तोवर ताट सांभाळतील. मोबाईल जेवताना खिशात, कारण आपण हात धुतो, मोबाईल कोणी धुवत नाही. लिफ्टचं बटण, जिन्याचा कठडा, हे सगळ्यांचंच असतं, आणि हा व्हायरस अशा ठिकाणी कित्येक दिवस टिकतो. होईल तितकं स्वतःच्या केबिनचं संडास वापरा, चालावं लागलं तरी. एवढंच. सगळी केबिन ब्लीचनी पुसा असं मी मागच्या वेळी लिहिलं होतं ते अतीच झालं, ब्लीचची बाटली घेऊन कोणी फिरायला जात नाही, मागे घेते.

पण काका, ज्या मुद्द्यासाठी मी ती पोस्ट लिहिली तो तुमच्या कमेंटमध्ये आलाच नाही. लपवण्याचा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सव्वीस जणांचा ग्रुप गेलो होतो, रात्रभर ट्रेननी मुंबई अन् दुसऱ्या दिवशी जहाज. जहाजाचं नाव सांगणार नाही कारण चूक जहाजाची नव्हती. आमच्यातल्या एका मावशींना पहाटे उलट्या झाल्या, त्यांनी कोणाला सांगितलं नाही, लिंबू-मीठ घेतलं, अन् संध्याकाळी अंताक्षरीला पहिल्या रांगेत. तिथे परत उमासा आला, खुर्चीपाशीच झालं, अन् आम्ही चार जणींनी प्रेमानी रुमालानी, टिश्शूनी पुसून काढलं, स्टाफला बोलवलं नाही, उगाच मावशींची शोभा नको म्हणून. उलटी होते तेव्हा बारीक तुषार उडतात, ते आजूबाजूच्यांच्या तोंडात जातात, हे मला, लॅबवालीला, त्या क्षणी आठवलं नाही. दोन दिवसांत अकरा जण आडवे. नोरोच होता असं मी म्हणत नाही, तपासणी कोणीच केली नाही, पण साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत लागणं अन् एक-दोन दिवसांत उतरणं, चाल तीच होती. खरं तर तिथून दूर व्हायचं अन् स्टाफला बोलवायचं, त्यांच्याकडे क्लोरीनचं सामान असतं.

मावशींनी काऊन लपवलं ते मला समजतं. डॉक्टरला सांगितलं की केबिनमध्ये बसवतात, उलट्या-जुलाब थांबल्यावरही साधारण दोन दिवस. चार दिवसांच्या ट्रिपमध्ये तीन दिवस छताकडे पाहत बसायचं, पैसे कोण देणार? मलाही राग आला असता. बुकिंग करताना विचारून घ्या ना, असं झालं तर काही परत मिळतं का, इन्शुरन्समध्ये बसतं का, आधी विचारायला लाज कसली. पण लपवू नका. बरं वाटल्यावरही दोन आठवडे वगैरे शीमधून व्हायरस जात असतो, म्हणून घरी परत आल्यावर नातवासाठी लगेच कणिक मळायला घेऊ नका, काकूंनाही सांगा.

औषधाचं पण सांगून टाकते कारण तुम्ही लिहिलं ‘मेडिकलमधून जुलाबाची गोळी नेतो’. बहुतेक नॉरफ्लॉक्सासिनवाली म्हणत असाल. नोरोला नॉरफ्लॉक्सासिन, नाव जुळतं बाप्पा, पण ते अँटिबायोटिक आहे, जिवाणूंसाठी, व्हायरसवर शून्य. याच्यावर औषध नाही, लस पण अजून नाही, शरीरातलं पाणी टिकवायचं एवढंच आपल्या हातात. ओआरएसची पावडर न्या, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि उलट्या चालू असतील तर गटागट नको, चमचा चमचा. टेट्रापॅकमधली गोड पेयं नको, 2025 मध्ये एफएसएसएआयनी (खाण्यापिण्याचे नियम करणारी आपली सरकारी संस्था) अशा पेयांवर ओआरएस लिहायलाच बंदी घातली. पावडर नसेल तर एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ. तुम्ही लिहिलं काकूंना बीपी आहे, गोळीमध्ये लघवी जास्त होण्याचं औषध असेल तर जुलाबात ते धोक्याचं ठरू शकतं, जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा की अशा वेळी गोळीचं काय करायचं, मनानी बंद करू नका. लघवी कमी झाली, चक्कर आली, शीमध्ये रक्त दिसलं, तर ओआरएसच्या भरवशावर बसू नका, जहाजावर दवाखाना असतो.

डिसेंबरचं कॅन्सल बिल्कुल करू नका, मस्त जा. आणि घरचं खायचं आत नेऊ देतात का ते आधी विचारा, काही जहाजांवर चालत नाही. चालत असेल तर चिवडा न्या, पण वाट्यांमध्ये काढून द्या, एकाच डब्यात सगळ्या ग्रुपचे हात नको.