टाचेचं स्टिरप की पोटरीखालचा आधार? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की ओपीडीत कोल्पोस्कोपी (गर्भाशयाचं तोंड मोठं करून पाहणं) किंवा हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीने गर्भाशयाच्या आत पाहणं) करायची असेल, तर टाच अडकवायची धातूची स्टिरप काढा आणि पूर्ण पायाचं वजन पेलणारे लेग सपोर्ट घ्या. त्यावर तुमचे आक्षेप असे: दहा मिनिटांच्या कामाला ऑपरेशन थिएटरचं सामान कशाला, गुडघ्याखाली आधार दिला की नस (मज्जातंतू) दाबली जाते हे मी लिहिलंच नाही, आणि फोमच्या गाद्या साफ कोण करणार. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘वीस वर्षांत एकाही बाईने तक्रार केलेली नाही.’

नसेचं आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. ‘गुडघ्याखाली आधार’ असं ढोबळ लिहून मी मोकळी झाले होते. ते शब्दशः घेऊन कुणी गुडघ्यामागच्या लवणीत सगळं वजन टाकणारा सपोर्ट आणला, तर ते चूकच होईल. कॉमन पेरोनियल नस तिथून बाहेरच्या बाजूला येते आणि फिब्युलाच्या, म्हणजे पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या, मानेला वळसा घालते. त्या जागी तिच्यावर मांसाचं आवरण जवळजवळ नाहीच. बाहेरून कडक कड टेकली की ती थेट हाडावर दाबली जाते, आणि जास्त वेळ दाबली गेली तर बाईला पाऊल वर उचलता येत नाही. म्हणून वजन यायला हवं ते पोटरीच्या मांसल भागावर आणि तळपायावर. लवण मोकळी, गुडघ्याची बाहेरची बाजूही मोकळी. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. तुम्ही बोट ठेवलंत म्हणून ती झाली.

पण हा धोका वेळेशी आणि भुलेशी बांधलेला आहे. लिथोटॉमी पोझिशनमध्ये (पाठीवर झोपवून, पाय वर आणि फाकवून) पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया झालेल्या ९९१ रुग्णांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात १५ जणांना पायाच्या नसांचा त्रास झाला, आणि पाय वर ठेवण्याचा वेळ २ तासांपुढे गेला की धोका वाढत होता. ओपीडीतली बाई जागी असते. पॅरासर्व्हायकल ब्लॉक, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाभोवती बधिर करायचं इंजेक्शन, दिला तरी तिचे पाय बधिर होत नाहीत. मुंग्या आल्या तर ती सांगेल, पाय हलवेल. फक्त आपण तसं आधी सांगून ठेवायला हवं. तुम्ही गुंगीचं औषध देत असाल तर गोष्ट वेगळी; मग दहा मिनिटांचं काम असलं तरी थिएटरचेच नियम लावा.

आता दहा मिनिटांचा मुद्दा. माझं मत बदललं ते एका कोल्पोस्कोपीच्या वेळी. साठीतली बाई, गुडघ्यांची संधिवाताने वाट लागलेली. टाचा स्टिरपमध्ये, बाकी सगळा पाय तिचा तिने तोललेला. अॅसिटिक अॅसिड लावून त्याचा परिणाम दिसायची वाट पाहत मी थांबले होते. चौथ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या आणि कोल्पोस्कोपमधलं चित्र हलायला लागलं. त्या मोठ्या केलेल्या चित्रात मिलिमीटरभर थरथरही खूप दिसते, आणि मला बायोप्सी नेमक्या जागेवरून घ्यायची होती. मी ‘सैल सोडा, सैल सोडा’ म्हणत राहिले. सिस्टर काही न बोलता पुढे आल्या आणि त्यांनी तिच्या पोटरीखाली आपला हात आडवा धरला. थरथर थांबली. तिने सुस्कारा टाकला, कंबर टेबलाला टेकली, आणि तोवर माझ्या स्पेक्युलमवर (योनीमार्ग उघडा धरणाऱ्या उपकरणावर) येणारा दाबही उतरला.

म्हणजे मी तिला सैल व्हायला सांगत होते आणि त्याच वेळी मांडीचे स्नायू आवळूनच पेलता येईल असं काम तिला दिलं होतं. टाचेच्या स्टिरपमध्ये गुडघे बाहेर पडू नयेत म्हणून बाई मांड्या ओढून धरते. त्याबरोबर ओटीपोटाचा तळही आवळतो, आणि मग आपण म्हणतो की पेशंट सहकार्य करत नाही.

एका पायाचं वजन शरीराच्या साधारण एक षष्ठांश असतं. ९० किलोच्या बाईचा एक पाय म्हणजे १५ किलो. हे ओझं तिने धरायचं की उपकरणाने, एवढाच माझा प्रश्न आहे. तक्रार नाही म्हणता, तर त्या साठीतल्या बाईनेही केली नव्हती. उलट उतरताना ‘डॉक्टर, माझ्यामुळे त्रास झाला’ म्हणाली. हे असंच असतं, असं बायकांनी धरून ठेवलेलं असतं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याही पुढे जाईन. नुसती स्पेक्युलम तपासणी किंवा पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींचा नमुना) असेल तर कसलाच सपोर्ट नको. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००६ साली आलेल्या चाचणीत १९७ स्त्रिया होत्या. स्टिरपशिवाय, टेबलाच्या वाढवलेल्या भागावर पावलं टेकवून तपासलेल्या स्त्रियांनी सांगितलेल्या त्रासाचे सरासरी गुण १०० पैकी ३०.४ ऐवजी १७.२ होते, आणि नमुन्याच्या दर्जात फरक पडला नाही. कॉपर टी बसवतानाही पुष्कळदा एवढं पुरतं.

पट्ट्याने पाय टांगायचे उभे दांडे मी ओपीडीसाठी घेणारच नाही. पाय बाहेर पडत राहतो, दांडा पायाच्या बाहेरच्या बाजूला टेकतो, आणि जाग्या बाईला टांगलेलं वाटतं. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे लावता येतील असे सपोर्ट घ्या. खुब्याचा सांधा बदललेली बाई एक पाय कमीच उघडते, आणि तिच्या त्या मर्यादेपुढे जायचं नाही.

साफसफाईबद्दल तुमचं म्हणणं मान्य. शिवण असलेली रेक्झिनची गादी चिरली की आत काय काय मुरतं ते आपण दोघींनीही पाहिलं असेल. वरून अखंड, बिनशिवणीचं पॉलियुरेथेन असलेली गादी पुसली की झालं. वेल्क्रो टाळा, त्यात धागे आणि केस अडकतात. रक्त पडल्यावर हायपोक्लोराइट वापरलंत तर धातूचा भाग नंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर गंज धरतो.

आणि सपोर्ट टेबलाला पकडून ठेवणारा क्लॅम्प. इथे मी स्वतः फसले आहे. टेबलाच्या बाजूची पट्टी सगळीकडे सारखी नसते: युरोपीय मापाची २५ बाय १० मिलिमीटर, अमेरिकी मापाची साधारण २८.५ बाय ९.५. माझ्या २५ च्या पट्टीवर मोठ्या मापाचा क्लॅम्प आला. घट्ट आवळला तरी वजन पडलं की तिरका व्हायचा. विकणाऱ्याने ‘बसेल’ म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून आधी पट्टी मोजते, मग सपोर्ट लावून स्वतः झोपून पाहते आणि पाय पूर्ण सैल सोडते. टाच कुठे दुखते, कड कुठे लागते, हे तिथेच कळतं. एका हाताने, न वाकता सुटतो का, तेही पाहते. काम झाल्यावर दोन्ही पाय एकदम, जोडून खाली घ्यायचे असतात, आणि बाईला चक्कर आली तर खटका शोधत बसायला वेळ नसतो.

तुमच्या टेबलाच्या पट्टीची उंची आणि जाडी मोजून इथेच लिहा. सध्याच्या टाचेच्या स्टिरपचा दांडा निघणारा असेल तर त्याचाही व्यास द्या; कधीकधी क्लॅम्प तोच ठेवून नुसता वरचा भाग बदलता येतो.